ऑन्कोमाऊस : कर्करोग व्हावा म्हणून घडवलेला उंदीर

ऑन्कोमाऊस म्हणजे काय?
१९८०च्या दशकात हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये उंदराच्या जनुकांत कर्करोगाला चालना देणारा एक जनुक घालण्यात आला. अशा उंदरांना कर्करोग लवकर होतो, त्यामुळे आजार आणि औषधं या दोन्हींचा अभ्यास सोपा होतो. एरवी प्रयोगासाठी निरोगी प्राण्याला आजारी पाडलं जातं. इथे आजाराचं बीज जन्मतःच असतं आणि ते पुढच्या पिढीतही उतरतं.

वाद कशावरून झाला?
१२ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेने त्याला पेटंट दिलं. प्राण्यावरचं हे तिथलं पहिलंच पेटंट. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते नाकारलं. उंदरासारखा जीव कायद्यातल्या ‘शोध’ या व्याख्येत बसतो का, हा तिथला मुद्दा होता.

उंदराच्या वेदनेचा विचार झाला का?
युरोपीय पेटंट कार्यालयात झाला. प्राण्याचा त्रास आणि पर्यावरणाचा धोका एका पारड्यात, माणसाचा फायदा दुसऱ्यात ठेवला गेला. पारडं माणसाकडे झुकलं आणि १९९२ मध्ये पेटंट मिळालं.

भारतात काय नियम आहे?
पेटंट कायद्याच्या कलम ३ (जे) नुसार प्राण्यावर पेटंट मिळत नाही. पण पेटंट नाकारल्याने प्रयोग थांबत नाहीत. तिथे १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा लागू होतो. हा कायदा प्रयोगांना परवानगी देतो, मात्र अनावश्यक वेदना टाळायला सांगतो. ज्याचा आजार हाच उपयोग आहे, त्या जीवाची ‘आवश्यक’ वेदना किती, हे ठरवणं सर्वांत अवघड आहे.