पटावरचा नंबर

मोनोपॉलीचा जुना पट हाती आला की मुरलेला संग्राहक आधी पेटंटचा नंबर शोधतो. १९३५ च्या सुमाराच्या काही पटांवर एकच नंबर सापडतो, १५०९३१२. काहींवर दोन असतात. पुढे पहिला गळतो आणि २०२६०८२ एकटाच उरतो. पटाचं वय त्यावरून बऱ्यापैकी कळतं. माझं मन मात्र त्या गळालेल्या नंबरापाशीच घुटमळतं.

उरलेला नंबर चार्ल्स डॅरोचा. मंदीत नोकरी गेलेल्या फिलाडेल्फियाच्या या गृहस्थाने घरी बसून खेळ शोधला, असं मोनोपॉली विकणारी पार्कर ब्रदर्स कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली. गळालेला नंबर लिझी मॅगी या बाईंचा. जमिनीचा मालक नुसत्या भाड्यावर कसा गब्बर होतो आणि भाडेकरू कसा नागवला जातो, हे लोकांना खेळता खेळता उमगावं म्हणून त्यांनी 'लँडलॉर्ड्स गेम' रचला. हेन्री जॉर्ज यांच्या जमीनकराच्या विचाराने त्या भारावल्या होत्या. पहिलं पेटंट ५ जानेवारी १९०४ चं, १५०९३१२ हे दुसरं, १९२४ चं. चौकोनी पट, कडेने विकाऊ जागा, रेल्वे, कोपऱ्यात तुरुंग. लहानपणी 'व्यापार' खेळलेल्या कुणालाही तो पट ओळखीचा वाटेल.

लोक पट हाताने नकलून घेत, खेळ पसरत गेला. अटलांटिक सिटीच्या क्वेकर पंथीय मंडळींनी त्यात आपल्या गावचे रस्ते घातले. तिथून तो चार्ल्स टॉड यांच्याकडे आला. त्यांच्या पटावर 'मार्व्हेन गार्डन्स' या जागेच्या नावाचं 'मार्व्हिन' झालं होतं. टॉडकडून डॅरो खेळ शिकला आणि ती चूकही जशीच्या तशी छापील पटावर आली. एका अक्षराने खेळाचा माग धरून ठेवला!

डॅरोने मेणकापडावर हाताने रंगवलेला एक गोल पट २०१० साली लिलावात १,४६,५०० डॉलरला गेला. आता तो रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयात आहे. १९३५ मध्ये कंपनीने मॅगीबाईंचं पेटंट घेतलं ते ५०० डॉलरला, विक्रीतला वाटा काही नाही. जानेवारी १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका दैनिकात त्यांचा फोटो आला. हातात त्यांनी स्वतःचे पट धरले होते.