पोलीस ॲक्शन

आमच्या पूर्णा गावातली जुनी माणसं वय विचारलं तर सन सांगत नसत. "पोलीस ॲक्शन झाली तवा मी ढोरं राखत होतो," असं सांगत. लहानपणी मला वाटायचं, खरोखरच पोलीस आले असतील. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरलं ते रणगाड्यांसह लष्कर होतं, आणि लष्कराच्या दप्तरी त्या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन पोलो' होतं, हे मला कळलं ते कॉलेजात गेल्यावर.

मग 'पोलीस' का? कारण दिल्लीच्या मते हा घरचा मामला होता. घरच्या मामल्यात पोलीस जातात, परक्या देशावर फौज जाते. आपल्या रेडिओने आणि वर्तमानपत्रांनी तोच शब्द उचलला आणि तो थेट आमच्या गुराख्यांच्या तोंडी येऊन बसला.

बाहेरच्या देशांत मात्र हीच बातमी 'परराष्ट्रीय' पानावर होती, आणि तिथे शब्द होता 'आक्रमण'. हैदराबादने ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. १६ सप्टेंबरला ती पॅरिसमध्ये चर्चेला आली आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली! पाकिस्तानात जिनांना जाऊन जेमतेम आठवडा झालेला, त्यामुळे तिथे दुःखावर दुःख. विलायतेत चर्चिलसाहेब पार्लमेंटात हैदराबादची बाजू मांडून मोकळे झाले होते. तिकडच्या वाचकाला निजाम माहीत होता तो जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने १९३७ साली त्याला मुखपृष्ठावर छापलं होतं. रझाकारांच्या भीतीने पोरंबाळं घेऊन वऱ्हाडात पळालेली आमच्याकडची माणसं त्या मुखपृष्ठावर कुठून येणार?

आणि खुद्द संस्थानात काय छापून येत होतं? आ. कृ. वाघमाऱ्यांचं 'मराठवाडा' पुण्याहून निघायचं, कारण इथे त्याला बंदी. हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असं लिहीत, तर ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना भर रस्त्यात मारलं. हे मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगत असे. मुसलमान संपादकाने आपल्या बाजूने जीव दिला, हे मुलांना कळायला हवं असं वाटे.

पण मी जे सांगत नव्हतो ते मला कळलं सेवानिवृत्तीनंतर. २०१३ च्या सप्टेंबरात पुतण्याने बीबीसीचा एक लेख वाचायला दिला. मथळ्यातच होतं, भारतातलं दडवलेलं हत्याकांड. रझाकारांचा उल्लेख होता, पण थोडक्यात. मी चिडलो. म्हटलं, या गोऱ्यांना आमचं चांगलं कधी दिसायचंच नाही! पण पुढे वाचलं तर ती माहिती गोऱ्यांची नव्हतीच. नेहरूंच्याच सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि त्यांचे सहकारी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले होते. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर, जपून अंदाज केला तरी, सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असं त्यांनी लिहिलं. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (आजचं धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. नांदेड म्हणजे आमच्याहून रेल्वेने तासाभराच्या आतलं! तो अहवाल सरकारने छापला नाही. चेन्नईच्या 'फ्रंटलाइन' पाक्षिकाने त्यातले उतारे २००१ सालीच दिले होते. ते इंग्रजीत. आमच्या मराठी घरांत ती गोष्ट पोचली ती बारा वर्षांनी, तीही लंडनहून, आणि आम्ही चिडलो लंडनवर. गंमतच म्हणायची.

आमच्या गल्लीत एक पेन्शनीतले रेल्वेवाले चाचा राहत. रेडिओच्या बातम्या चुकवत नसत. सतरा सप्टेंबरला शाळेची प्रभातफेरी गल्लीतून जायची तेव्हा त्यांचं दार बंद असायचं. एकदा त्यांच्या तोंडून 'सुकूत' असा शब्द ऐकला होता. पुढे उर्दू जाणणाऱ्या एका सहकाऱ्याने अर्थ सांगितला, पाडाव. त्या दिवसाला त्यांच्याकडे 'सुकूत-ए-हैदराबाद' म्हणतात. मी मनात म्हटलं, म्हणजे चाचा रझाकारांच्या बाजूचेच. आणि विषय संपवला.

तो लेख वाचल्यावर थोरल्या भावाला विचारलं. अण्णा म्हणाले, "अरे, त्यांचे दोन भाऊ नांदेडकडच्या खेड्यात होते. त्या आठवड्यात गेले. आईला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं."