तळटीप : ग्रीक अक्षरांचे नाणे
१. खडकीच्या संग्राहक मित्रांत हातोहात फिरलेले हे नाणे ग्रीसमधलेच असेल असे नाही. पश्चिम क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवरही राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरे असतात. मागच्या बाजूला ब्राह्मी व खरोष्ठी लेख. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे अशी १३ हजारांहून अधिक नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या सुमारे ९ हजार नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. सातवाहनांच्या विजयाचा याहून बोलका पुरावा मला तरी माहीत नाही. पण हे कळले ते साठा एकत्र राहिल्यामुळे. म्हणून सुटे नाणे मित्राला दाखवताना वा देताना ते कोठे मिळाले याची चिठ्ठी संग्राहकांनी सोबत जरूर ठेवावी. — संपादक