त्रेचाळीस रुग्णांची चाचणी

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याचा संदेश आला. त्याच्या मावशीच्या मांडीत मृदू ऊतींचा सार्कोमा निघाला होता. त्याचे प्रश्न दोन होते : नव्या औषधाच्या चाचणीत नाव घातले तर उपयोग होतो का, आणि अशी चाचणी शोधायची कुठे? माझा विषय भौतिकशास्त्र. वैद्यकात बोलण्याचा अधिकार मला नाही. पण उत्तर शोधता शोधता या चाचण्यांच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाशी गाठ पडली, आणि तो सर्वांसमोर मांडण्याजोगा वाटला.

स्नायू, चरबी, मज्जातंतू, रक्तवाहिन्या अशा शरीराच्या मऊ भागांत उद्भवणाऱ्या कर्करोगांना मृदू ऊतींचे सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या कर्करोगांत त्यांचा वाटा सुमारे १ टक्का, आणि त्यातही पन्नासाहून अधिक प्रकार. मुळात तुरळक असलेला आजार इतक्या वाटांनी फुटतो, की एखाद्या नव्या उपचाराची परीक्षा घ्यायची म्हटली तर पहिली अडचण औषधाची नसते, माणसे जमवण्याची असते.

१९७५ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रश्न हाती घेतला. हातापायात तीव्र स्वरूपाचा सार्कोमा झाला की अवयव कापणे हा त्या काळचा खात्रीचा उपाय मानला जाई. गाठ तेवढी काढून, उरलेल्या जागी किरणोपचार देऊन पाय वाचवला तर रुग्णाच्या आयुष्यात घट होईल का? याचे प्रामाणिक उत्तर मिळवण्याचा मार्ग एकच होता : कोणाचा अवयव कापायचा आणि कोणाचा राखायचा, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवणे. क्षणभर त्या खोलीत स्वतःला उभे करून पाहा. पाय जाणार की राहणार हे नशिबाच्या हवाली करायला संमती द्यायची, तीही आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी रुग्णांना उत्तर मिळावे म्हणून. १९८१ पर्यंतच्या सहा वर्षांत अशी ४३ माणसे मिळाली. त्यांपैकी १६ जणांचे अवयव कापले गेले, २७ जणांचे राखले गेले, आणि दोन्ही गटांना पुढे रसायनोपचार दिले गेले.

निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. अवयव राखलेल्यांपैकी चौघांत त्याच जागी गाठ पुन्हा आली, कापलेल्यांत एकातही नाही. तरीही पाच वर्षांनंतर जिवंत राहण्याचे अंदाजित प्रमाण अवयव राखलेल्या गटात ८३ टक्के आणि कापलेल्या गटात ८८ टक्के होते. आता माझ्यासारख्या माणसाला येथे राहवत नाही. इतक्या थोड्या रुग्णांत ढोबळ हिशेबाने या फरकावरची अनिश्चितताच सुमारे ११ टक्क्यांची निघते; म्हणजे पाच टक्क्यांचा फरक त्या गोंगाटात बुडून जातो. प्रयोगशाळेत आम्ही अशा वेळी आणखी मोजमापे घेतो. तेथे एकेक मोजमाप म्हणजे एकेक माणूस होता. डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या विचारविनिमय परिषदेने अवयव राखण्याच्या बाजूने कौल दिला, आणि आज मांडीच्या सार्कोमावर पाय राखणारी शस्त्रक्रिया हाच सर्वसाधारण विचार असतो. त्यामागे ती ४३ माणसे आहेत.

दुसरी कथा याच्या अगदी उलट आहे, कारण तिची सुरुवात एकाच रुग्णापासून झाली. पचनमार्गात होणारा 'गिस्ट' हा सार्कोमाचाच एक प्रकार. त्यावर नेहमीचे रसायनोपचार जवळजवळ निष्प्रभ ठरत. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की या गाठींत 'किट' नावाच्या जनुकात बिघाड असतो. त्याच सुमारास रक्ताच्या कर्करोगावर इमॅटिनिब या औषधाच्या चाचण्या चालू होत्या, आणि ते औषध किटलाही रोखते असे दिसले होते. मार्च २००० मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे सर्व उपाय थकलेल्या एका महिलेला ते देण्यात आले. काही आठवड्यांतच गाठी आक्रसल्या. लगोलग १४७ रुग्णांची चाचणी उभी राहिली, त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात लहान झाल्या, आणि १ फेब्रुवारी २००२ रोजी अमेरिकेत या आजारासाठी औषधाला मान्यता मिळाली. (आपल्याकडे हे औषध वेगळ्याच कारणाने गाजले : त्याच्या एका स्फटिकरूपावरील पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला.)

येथेच थांबलो तर विद्यार्थ्याची फसवणूक होईल. ओलाराटुमॅब या औषधाची १३३ रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या डॉक्सोरुबिसिनसोबत ते दिलेल्यांचे मध्यक आयुर्मान २६.५ महिने, केवळ डॉक्सोरुबिसिन घेतलेल्यांचे १४.७. सार्कोमाच्या जगात हा फरक अपूर्व होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला त्वरित मान्यता मिळाली. मग ५०९ रुग्णांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ च्या जानेवारीत जाहीर झाले : २०.४ महिने विरुद्ध १९.७. फरक नाहीसा झाला आणि औषध बाजारातून गेले. लहान संख्या आशाही दाखवते आणि चकवतेही. त्या ५०९ जणांना औषधाचा लाभ झाला नाही. पण ते पुढे आले नसते तर हजारो रुग्ण आजही ते महागडे औषध विश्वासाने घेत राहिले असते.

आता शोधण्याचा प्रश्न. रोझेनबर्गांच्या काळी चाचणीची वार्ता एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाई. रुग्णाला स्वतः पाहता येईल असे काही नव्हते. अमेरिकेत १९९७ च्या कायद्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही खुली झाली. गैरसोयीचे निष्कर्ष दडपले जातात हे उघड झाल्यावर २००४ मध्ये प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी ठरवले, की आधी नोंद न झालेल्या चाचणीचा लेख छापायचा नाही. भारताची नोंदवही, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया अर्थात सीटीआरआय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या छत्राखाली २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी ही नोंद सक्तीची केली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच ती करावी लागते. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. आजाराचे इंग्रजी नाव टाकले की चाचणी कोणत्या रुग्णालयात आहे, कोणाला घेतात, कोणाला नाही, भरती चालू आहे की संपली, आणि चौकशी कोणाकडे करायची, हे समोर येते.

आपल्याकडे 'चाचणी' या शब्दाला भीतीची किनार आहे, आणि ती निराधार नाही. इंदूरमधील चाचण्यांविषयीच्या तक्रारींनंतर स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुढील वर्षी भरपाईचे नियम आले, आणि २०१९ च्या नव्या नियमावलीत ते एकत्र बांधले गेले. चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार, ती चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास भरपाई, समजेल अशा भाषेत माहिती, आणि कारण न देता केव्हाही बाहेर पडण्याची मुभा, हे रुग्णाचे हक्क आहेत.

विद्यार्थ्याला मी एवढेच लिहिले : नुसते 'सार्कोमा' टाकून शोधू नकोस, पॅथॉलॉजी अहवालातील नेमका उपप्रकार टाक. तो उपप्रकार सार्कोमा नेहमी पाहणाऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घ्या. त्यासाठी रुग्णालयाकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. अनेक चाचण्या आधी रसायनोपचार घेतलेल्यांना घेत नाहीत, काही फक्त घेतलेल्यांनाच घेतात. म्हणून हा प्रश्न डॉक्टरांना पहिल्या उपचाराआधी विचारा, मात्र चाचणीच्या शोधापायी उपचार लांबवू नका. आणि नवे औषध मिळेलच असे समजू नका, चिठ्ठीत जुनेही येऊ शकते.

दोन दिवसांनी त्याचा प्रतिसाद आला. ब्लॉक मिळाला होता.