बँडची सुपारी

इंग्लंडमधल्या एखाद्या ब्रास बँडने मैफलीच्या सुरुवातीसाठी संगीतकाराकडून नवी रचना मुद्दाम लिहवून घेतली, की तिथले लोक ती ‘कमिशन’ केली असे म्हणतात. मराठीत हे तसेच लिहिले तर घोटाळा. आपल्याकडे कमिशन म्हणजे एक तर दलाली, नाही तर सरकारने नेमलेला आयोग. लॅटिन मुळाचा अर्थ मात्र साधा आहे: हवाली करणे, सोपवणे. तमाशाच्या फडाकडे आणि बँडवाल्यांकडे याच्या जवळचा शब्द आहे, सुपारी. जत्रेची तारीख ठरली, विसार हातावर पडला, की सुपारी घेतली. पण ती कार्यक्रमाची असते, नव्या चालीची नव्हे. शिवाय मुंबईच्या टोळ्यांनी या शब्दाला असे रक्त लावून ठेवले आहे, की ‘संगीतकाराला सुपारी दिली’ असे छापायची सोय उरलेली नाही. (‘ब्रास’ शब्दाचेही आपल्याकडे तेच. बांधकामवाल्याला तो ऐकवा. त्याच्या डोळ्यांपुढे 100 घनफूट वाळू येईल.)

या सलामीच्या रचनेला बँडवाले आज ‘ओपनर’ म्हणतात. जुनी नावे जास्त रंगतदार. ‘ओव्हर्चर’ म्हणजे उघडणे, ‘इन्ट्राडा’ म्हणजे प्रवेश. मोंतेवेर्दीचा ‘ओर्फेओ’ हा ऑपेरा 1607 साली मांतुआला झाला, त्यात पडदा वर जाण्याआधी तीनदा वाजवायच्या तुकड्याला त्याने ‘तोकाता’ म्हटले. तोकारे म्हणजे स्पर्श करणे. आपल्या नांदीत ‘नन्द्’ धातू आहे, देवांना आणि सभेला प्रसन्न करण्याचा. युरोपातल्या या नावांत कुणाला प्रसन्न करायचे मनातही नाही. दार उघडा, आत या, बसून घ्या, एवढाच मामला.

‘फॅनफेअर’ याहून आडदांड. तो ध्वनीवरूनच घडला असावा असे बहुतेक कोशकार मानतात, आपल्या पिपाणीसारखा. बढाईखोराला फ्रेंचमध्ये ‘फानफारों’ म्हणतात, आणि हे दोन शब्द एकमेकांचे कोण लागतात यावर एकमत नाही. मला नाते पटते, पुरावा नसला तरी. गंमत अशी, की फ्रेंचमध्ये फॅनफेअर म्हणजे तुतारीचा पुकाराही आणि ती वाजवणारा बँडही. म्हणजे फॅनफेअरने फॅनफेअरसाठी पैसे मोजले, हे तिथे सरळ वाक्य आहे.

मैफलीआधीच्या अशा पुकाऱ्याची मोठी मागणी नोंदवली वाद्यवृंद-संचालक यूजीन गूसेन्स यांनी. सिनसिनाटीच्या वाद्यवृंदासाठी 1942-43च्या हंगामात त्यांनी अमेरिकी संगीतकारांकडून फॅनफेअर मागवल्या. अठरा आल्या. त्यांतली ॲरन कोपलंड यांची ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’ मात्र घरोघरी पोचली. ती सिम्फनीतल्या पितळी वाद्यांची आणि तालवाद्यांची. ब्रास बँड हे वेगळे घराणे. या घराण्यात स्वतःसाठी लिहवून घेण्याची सवयही उशिरा लागली. पर्सी फ्लेचर यांची ‘लेबर अँड लव्ह’ 1913 साली क्रिस्टल पॅलेसच्या राष्ट्रीय स्पर्धेत आली. त्याआधी स्पर्धांत बहुधा ऑपेरांतले निवडक तुकडेच वाजत.

या बँडमध्ये ट्रम्पेट नसते, कॉर्नेट असते. कॉर्नेट म्हणजे छोटे शिंग. आणि लॅटिन ‘कोर्नू’, इंग्रजी ‘हॉर्न’, संस्कृत ‘शृंग’ ही एकाच प्राचीन मुळाची पोरे. यॉर्कशरच्या गिरणीतला कामगार सलामीला कॉर्नेट तोंडाला लावत असे तेव्हा तो आपल्या अर्थानेही शिंगच फुंकत होता.

खरा मासला मात्र या बँडच्या मांडणीत सापडतो. सुमारे पंचवीस वादक, त्यांत दहाएक कॉर्नेट: चार सोलो, दोन सेकंड, दोन थर्ड, एक तार स्वरातली सोप्रानो, आणि उरलेली एक ‘रेपिआनो’. हा शब्द इटालियन वाटतो, पण इटालियनमध्ये नाही. मूळ शब्द ‘रिपिएनो’, भरलेला. स्वयंपाकघरात तो सारणालाही चालतो. जुन्या कॉन्चेर्तोंत एकल वादकांमागच्या भरीच्या वादकांना रिपिएनो म्हणत. बँडवाल्यांच्या तोंडी त्यातला ‘ए’ सरकला, शेवटाला ‘पियानो’ची सावली पडली, आणि भरीच्या गर्दीचा शब्द एकाच खुर्चीला चिकटला. इटालियन जाणणाऱ्याला हे खटकते. तरी आज नवी सलामी लिहिणारा संगीतकारही त्या पानाच्या डोक्यावर निमूट ‘रेपिआनो’च लिहितो; दुसरे काही लिहिले तर ते पान कुणाच्या स्टँडवर ठेवायचे हे बँडला कळणार नाही.