टीप मारली, पण कोणती?

भाईंदर पूर्वेला स्टेशनबाहेर पडा, नवघर रोडला लागा आणि दुकानांच्या पाट्या वाचत चला. ‘फॉल-पिको करून मिळेल’ ही पाटी तुम्हाला इतक्या वेळा दिसेल की थोड्या वेळाने ती दिसेनाशीच होईल. माझं तसंच झालं होतं. माझा विषय घरबसल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांचा इतिहास. पहिल्या मुलाखतींच्या वहीत मी प्रत्येक घरापुढे इमानदारीत लिहून आणलं, ‘शिलाई मशीन : आहे’. गाईडनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, “कोणतं मशीन? त्यावर टाका कोणता पडतो?”

मला उत्तर देता आलं नाही. सगळ्या घरी पुन्हा जावं लागलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

आधी टाके समजून घेऊ. घरातलं काळं पायमशीन जी टीप मारतं तिला लॉकस्टिच म्हणतात. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबीनमधून आणि दोन्ही कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. दोन्ही बाजूंनी शिवण सारखी दिसते आणि सहजी उसवत नाही. पॉपलीन, सुती ब्लाऊज, उशीचा अभ्रा यांना ती उत्तम. पण हीच टीप टी-शर्टच्या होजिअरीवर मारा आणि कापड ताणा. कापड ताणलं जातं, टीप ताणली जात नाही आणि दोरा तटकन तुटतो. तिथे ओव्हरलॉक लागतो. तो काठाला दोऱ्यांचा वेढा घालतो, ताणाबरोबर सैल होतो आणि त्याच वेळी मशीनचं पातं जास्तीचं कापड छाटून टाकतं. जॉर्जेट साडीचा कापलेला काठ सुटू नये म्हणून दाट नागमोडी टाका घालतात, तो पिको. आणि तांदळाच्या गोणीचं तोंड शिवतात तो साखळी टाका. योग्य टोक धरून ओढलं की सरसर सुटतो. तो दोष नाही. गोण उघडायचीच असते, म्हणून तोच टाका निवडलेला असतो.

म्हणजे टाका निवडताना दोन प्रश्न असतात. कापड कसं आहे? आणि या वस्तूचं पुढे काय होणार आहे? इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसरा प्रश्न जास्त कामाचा.

घरात आईचा किंवा आजीचा जुना ब्लाऊज असेल तर उलटा करून बघा. बगलेखाली एकाशेजारी एक अशा दोन-तीन टिपा दिसतील आणि त्यांच्या पलीकडे जास्तीचं कापड, ज्याला आपण ‘माया’ म्हणतो. अंगाने भरलं की आतली एक टीप उसवायची, ब्लाऊज सैल होतो. उसवलेल्या टिपेच्या जागी सुईची भोकं राहतात. शिवणारीने पुढची दहा वर्षं गृहीत धरून शिवलेला हा कपडा आहे. आता एखादा स्वस्तातला तयार ब्लाऊज उलटा करा. ओव्हरलॉकच्या पात्याने काठ छाटलेला असतो, माया जेमतेम. घट्ट झाला तर वाढवायला आत कापडच नाही. दोन कपडे, दोन टाके आणि वापराच्या दोन वेगळ्या कल्पना. हे कुठल्याही दप्तरात लिहिलेलं नाही, शिवणीत मात्र आहे.

हे टाके आले कुठून? फ्रान्समध्ये बार्तेलमी तिमोनिए याने १८३० मध्ये साखळी टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं. त्यावर सैन्याचे गणवेश शिवले जाऊ लागले, तेव्हा पॅरिसच्या शिंप्यांनी १८३१ मध्ये ती मशीनं फोडली. अमेरिकेत एलियास होव याचं लॉकस्टिचचं पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगरचं मशीन १८५१ चं. होवने दावा जिंकला आणि सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. ओव्हरलॉक त्यानंतरचा, कनेक्टिकटच्या मेरो कंपनीचा. आपल्याकडे सिंगर रुजवण्यात मुंबईचे पारशी एजंट नसरवानजी मेरवानजी पटेल यांचा मोठा वाटा. पुढे १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ बनवायला घेतलं.

इथे एक सावधगिरी. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या मशीनचा अपवाद केला. बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते बनवलं, असं त्यांनी सांगितलं. गोष्ट गोड आहे, पण पेटंटचे दावे वाचले की चित्र बरंच व्यवहारी दिसतं. मग हा उतारा टाकून द्यायचा का? नाही. सिंगरबद्दल तो फारसं सांगत नाही, पण शिलाई मशीन हे ‘घरातलं, बाईच्या हातातलं’ यंत्र मानलं गेलं होतं, याचा तो पक्का पुरावा आहे.

आता मीरा-भाईंदर. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले. गिरणगावातल्या कितीतरी घरांत त्यानंतर बायकांच्या घरकामावर, खानावळीवर, शिवणावर चूल पेटली. त्याच काळात दहिसर नाक्यापलीकडे तुलनेने स्वस्त घरं उभी राहत होती. १९८५ मध्ये इथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ ला पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ झाली. औद्योगिक वसाहतींतले गाळे आणि चाळी-इमारतींतल्या खोल्या शेजारी-शेजारी. कपड्याचं काम नगावर घरी पोचायला अंतरच उरलं नाही.

पण या कामाचा कागद कुठे शोधणार? १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची मर्यादा घातली. एका खोलीतली एक बाई त्यात बसत नाही. तिचं नाव हजेरीपटावर नाही. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ चा, त्यावर भारताने अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही. म्हणून वहीत ‘मशीन : आहे’ एवढं लिहून भागत नाही. सरळ टीप मारणारं पायमशीन असेल तर ती बहुधा गिऱ्हाइकाचं काम करते, ब्लाऊज, अभ्रे, झबली. त्यात गिऱ्हाईक तिचं, भाव ती सांगते. ओव्हरलॉक असेल तर माल बहुतेक गाळ्यातून येतो आणि भाव देणारा दुसराच असतो. पिको मशीन असेल तर ती साडीच्या दुकानाला जोडलेली असण्याची शक्यता मोठी. आणि पिको मशीनवर झाला तरी चांगल्या साडीचा फॉल हातानेच लागतो, टाका बाहेरून दिसू नये म्हणून. ते हातकाम अनेकदा तिसऱ्याच घरी जातं. एका साडीच्या काठावर दोन बायकांची मजुरी असते.

यात आजचाही प्रश्न आहे. पालिका महिला-बालकल्याणाच्या निधीतून मशीनं वाटतात. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पण हातात साधं सरळ टिपेचं मशीन आलं आणि आसपास काम होजिअरीचं असेल, तर लाभार्थींच्या यादीत नाव येतं, घरात काम येत नाही.

तेव्हा फिल्डवर्कला निघताना प्रश्नावलीत चार ओळी वाढवा. मशीनवर कोणता टाका पडतो? कापड कुणाचं? दोरा कोण विकत घेतं? टाका चुकला तर उसवायचं कुणी, आणि त्या वेळेचे पैसे मिळतात का? शेवटच्या प्रश्नाला लोक आधी हसतात आणि मग बोलायला लागतात.

मराठीत शिवणीलाही टीप म्हणतात आणि टिपणालाही. माझ्या पहिल्या वहीतली टीप कच्ची होती, दुसऱ्यांदा जाऊन ती उसवून घातली. उसवायची लाज वाटू देऊ नका. फक्त माया सोडून शिवा.