कथेचा शेजार

मराठी कथेचा इतिहास आपण लेखकांच्या आणि प्रवाहांच्या अंगाने लिहितो. मला तो शेजाराच्या अंगाने तपासावासा वाटतो. कथा वाचकाच्या हाती पडली तेव्हा तिच्या आजूबाजूला काय होते?

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मासिक मनोरंजन’ सुरू केले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून कथा घरात एकटी आली नाही. कविता, लेख, चित्रे, जाहिराती असा सारा गोतावळा घेऊन आली. वाचक अंक विकत घेई तो आवडत्या लेखकासाठी, पण पैसे मोजलेले असल्याने उरलेली पानेही चाळी. अनोळखी नावे अशीच घरात शिरली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या ‘सत्यकथे’ने तर हा शेजार जाणीवपूर्वक जुळवला. नवखा कथाकार नामवंताच्या मागच्या पानावर असे, आणि कधीकधी त्याच्यावर मातही करून जाई. १९८२ साली ते मासिक बंद पडले.

मधल्या काळात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने शेजार माणसांचा केला. शेजारच्या खुर्चीतला हसला की आपणही हसायचे! पुढे व. पु. काळ्यांच्या कॅसेटींनी तीच कथा दिवाणखान्यात आणली.

प्रतिलिपी २०१४ साली बंगळुरूत सुरू झाले. स्टोरीटेल २०१७ साली भारतात आले, तेही मराठीसकट. ही सोय लहान नाही. ज्या गावात वाचनालय नाही तिथे कथा पोचली, दृष्टिहीनांना वाचून दाखवणाऱ्याची वाट पाहावी लागेना, कणीक मळता मळता कथा ऐकता येऊ लागली. पूर्वी लेखक पोस्टकार्डाची वाट पाहत बसे. आता अभिप्राय त्याच दिवशी येतो.

मात्र शेजार आता आपल्याच कालच्या आवडीवरून ठरतो. एक भयकथा ऐकली की पुढे भयकथांचीच रांग लागते. व्हॉट्सॲपवर तर कथेभोवती काहीच नसते, पुष्कळदा लेखकाचे नावही नसते. किंवा कोणा अज्ञाताच्या गोष्टीखाली ‘वपु’ नाहीतर ‘पुल’ चिकटवलेले असते. संपादक अनोळखी नावाला जागा देत असे. इथे अनोळखी लेखकाला आपले नाव गमावल्यावर वाचक मिळतो. हा व्यवहार मला महाग वाटतो.

संशोधकाची अडचण आणखी वेगळी. ‘सत्यकथे’ची जुनी फाइल उघडली की अमुक कथेच्या आधी आणि नंतर काय छापले होते ते आजही दिसते, आणि त्या महिन्यातल्या प्रत्येक वर्गणीदारापुढे तीच पाने होती. मोबाइलच्या पडद्यावर प्रत्येकाचा शेजार निराळा असतो, आणि तो उद्या बदललेला असतो. तो कुठल्याही वाचनालयाच्या कपाटात सापडायचा नाही.